कंदील, लिनो आणि रोलरचा आवाज

काल रात्री पहिल्यांदा रोलरचा आवाज मला हवा तसा आला. काचेवर शाई घेऊन रोलर पुढेमागे फिरवायला लागलं की आधी एक ओला, चिकट, पचपच असा आवाज येतो, म्हणजे शाई जास्त आहे, मग ती पसरत पसरत पातळ होत जाते आणि एका क्षणी आवाजच बदलतो, बारीक आणि एकसारखा, सुकी वाळू कागदावर ओतावी तसा सर्रर्र, आणि त्याच वेळी शाईवरची ओली चमक जाऊन तिथे मखमलीसारखा बारीक दाणा दिसायला लागतो. लिनोकट करणारी सगळी माणसं सांगतात की शाई डोळ्यांनी बघू नका, कानांनी ऐका. चार महिने मी ते वाचत होते, ऐकत होते, मान डोलवत होते, पण समजलं काल. म्हणून आजच लिहायला बसलेय, हात अजून नीट स्वच्छ झालेले नाहीत, नखांच्या कडेला निळं आहे.

ज्यांना लिनोकट म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनोलियमचा एक सपाट तुकडा घ्यायचा, त्यावर चित्र काढायचं, जो भाग कोरा हवा तो कोरून काढायचा, जो उरेल त्यावर रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवून मागून घासायचं, कागद उचलला की छापा तयार. लाकडी ठशाने कापड छापतात तेच तत्त्व. फक्त लाकडाच्या आत तंतूंच्या रेषा असतात, त्या रेषांच्या विरुद्ध कोरायला गेलं तर चीर जाते, लिनोला तसं काही नसतं. कुठल्याही दिशेने पातं चालतं, गोल फिरवलं तरी चालतं. नवशिक्यांना लिनो देतात ते याचसाठी.

लिनो म्हणजे प्लास्टिक किंवा रबर असंच मला वाटत होतं. तसं नाहीये. लिनो बनतं जवसाच्या तेलापासून. नावच तसं आहे, लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसाने रंगाच्या डब्यात तेलावर धरलेली रबरासारखी जाड साय बघितली आणि त्याच्या डोक्यात आलं की हीच साय मुद्दाम, मोठ्या प्रमाणावर बनवली तर? 1863 साली त्याने पेटंट घेतलं. हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट झालेलं जवसाचं तेल, त्यात राळ, बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा, लाकडाचा भुसा, आणि हे सगळं मागे तागाच्या कापडावर दाबून बसवलेलं. त्याने हे जमिनीवर अंथरायला बनवलं होतं. पुढच्या पन्नासेक वर्षांत ते चित्रकारांच्या हातात गेलं, जर्मनीत 1905 मध्ये ड्रेस्डेनला ब्रुके नावाचा तरुण चित्रकारांचा गट जमला त्यातल्या काहींनी लिनोवर काम केलं, आणि व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक लहान मुलांना लिनो कोरायला देत होता. त्यामुळे बराच काळ ही शाळकरी मुलांची गोष्ट समजली गेली, आणि ते मला अजिबात पटत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवात मी खऱ्या लिनोने नाही केली. मऊ, रबरी, पांढरे ब्लॉक मिळतात ना, खोडरबरासारखे, त्यावर केली. त्यात पातं लोण्यात गेल्यासारखं जातं, हाताला काहीच त्रास नाही, आणि मला वाटलं झालं की, येतंय आपल्याला. पण त्याच्यावर बारीक रेषा टिकत नाही, घासताना ब्लॉक दबतो, रेषा फुगते, कडा किंचित तुटक येते. करड्या रंगाचं, तीनएक मिलिमीटर जाडीचं, मागे तागाचं कापड असलेलं लिनो जेव्हा पहिल्यांदा कोरलं तेव्हा फरक कळला. ते विरोध करतं. थोडं जोर लावावा लागतो, आणि मग पात्यापुढून एक लांब, वळलेली, सलग साल निघत जाते, आणि तिला तो तेलाचा वास असतो, जुन्या लाकडी कपाटाला पॉलिश केल्यावर येतो साधारण तसा. त्या वासासाठी सुद्धा मी कोरायला बसेन.

माझं पहिलं खरं चित्र होतं कंदिलाचं. आमच्याकडे एक जुना कंदील आहे, काच तडकलेली, वापरात नाही, पण आकार सुंदर. मी पेन्सिलने त्याचं छान रेखाचित्र काढलं, काचेची बाह्यरेषा, तारांची जाळी, वरचं झाकण, कडी, वात वरखाली करायचं छोटं चाक, सगळं. आणि मग ते जसंच्या तसं लिनोवर उतरवून कोरायला बसले. इथे मोठी चूक झाली, आणि ही चूक इतक्या जणांची होते असं आता वाटतं की जरा सविस्तर सांगते.

पेन्सिलची रेषा काळी असते. कागदावर ती रेषा काढायला एक सेकंद लागतो. तीच काळी रेषा लिनोत हवी असेल तर ती रेषा सोडून तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं कोरून टाकावं लागतं. म्हणजे एका केसाएवढ्या रेषेसाठी डावीकडून एक काप, उजवीकडून एक काप, दोन्ही काप शेवटपर्यंत समांतर हवेत, आणि मधली ती बारीक भिंत उभी राहिली पाहिजे. जाळीच्या तारा मी अशा कोरल्या. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी अर्ध्या तारा तुटल्या होत्या, काही इतक्या बारीक झाल्या की शाई लावताना रोलरखाली वाकल्या, आणि छापा आला तो कंदिलाचा नव्हता, कोणीतरी कंदिलाचं चित्र आठवून आठवून काढल्यासारखा होता. प्रकाश कुठेच नव्हता त्यात. कंदील आणि प्रकाशच नाही.

खूप वाईट वाटलं होतं तेव्हा, खरंच. आठवडाभर हात लावला नाही.

मग एक दिवस नंदलाल बोसांचं ते गांधीजींचं लिनोकट परत बघितलं, 1930 चं, दांडीयात्रेच्या वेळचं, काठी घेऊन चालणारे गांधीजी. आपण सगळ्यांनी ते कुठे ना कुठे पाहिलेलं आहे, इतकं पाहिलेलं आहे की बघणंच बंद झालेलं असतं. ह्यावेळी मी फक्त एवढंच बघितलं की ह्यात कोरलंय काय? आणि लक्षात आलं की पार्श्वभूमी सगळी काळी आहे, म्हणजे तिथे हात लावलेलाच नाही, आणि माणूस उभा आहे तो थोडक्या पांढऱ्या रेषांवर. पात्याची एक ओढ म्हणजे एक पांढरी रेषा. जितकं कोरलं तितकाच उजेड. मी उलटं करत होते, मी काळोख वाचवायला धडपडत होते आणि उजेड म्हणजे नुसता टाकून द्यायचा कचरा समजत होते.

न कोरलेला ब्लॉक म्हणजे पूर्ण काळी रात्र. त्याला शाई लावून छापलं तर एक काळा चौकोन येईल, बस. तिथून पुढे प्रत्येक काप म्हणजे थोडा उजेड आत सोडणं. हे कळल्यावर मी एक काम केलं जे मी प्रत्येक नवशिक्याला सांगेन. काळा कागद घेतला आणि पांढरी पेन्सिल. कंदील परत काढला, पण ह्यावेळी फक्त जिथे उजेड पडतो तेवढंच काढायचं असं ठरवून. काचेच्या डाव्या कडेवरची एक उभी चमक, झाकणाच्या कडेवर पडलेला अर्धगोल, खाली टेबलावर पसरलेला उजेडाचा डाग. तारांच्या जाळीतल्या दोनच तारांवर उजेड होता, बाकीच्या काळोखात हरवलेल्या, म्हणून काढल्याच नाहीत. दहा मिनिटांत चित्र झालं आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कंदील होता.

आता कोरण्याबद्दल. टूल दोन प्रकारची, व्ही आकाराची आणि यू आकाराची. व्ही ने बारीक रेषा, आणि दाबाने ती जाड-बारीक होते, म्हणजे कापाची सुरुवात हलक्या हाताने केली, मध्ये दाबलं आणि परत हलकं केलं की रेषा दोन्ही टोकांना निमुळती होते, गवताच्या पात्यासारखी. यू ने मोठी जागा साफ करायची. मी आधी आकाराच्या कडेने व्ही फिरवून घेते आणि मग यू ने बाहेरचं काढते, म्हणजे यू घसरलं तरी त्या चरापाशी अडतं. खोल कोरायची गरज नसते, दीड मिलिमीटर म्हणजे भरपूर, खालचं तागाचं कापड दिसायला लागलं तर जास्त झालं. आणि काप घेताना भिंत बाहेरच्या बाजूला उतरती ठेवायची, डोंगरासारखी, आतून पोखरली तर वरची रेषा छापताना ढासळते. माझ्या तारा तुटल्या त्या ह्याच्यामुळेच.

लिनो थंड असेल तर कडक होतं आणि ठिसूळही. गरम पाण्याची पिशवी पाच मिनिटं ठेवा, किंवा हेअर ड्रायर फिरवा, एकदम ऐकायला लागतं. मऊ रबरी ब्लॉकला मात्र अजिबात गरम करू नका. आणि वळणदार रेषा कोरताना हात नाही वळवायचा, ब्लॉक वळवायचा. टूल एका जागी स्थिर धरून डाव्या हाताने ब्लॉक हळूहळू फिरवला की वर्तुळ इतकं सहज येतं की पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

डावा हात. हे ठळक लिहायला हवं. डावा हात कायम पात्याच्या मागे. माझा एकदा पुढे होता, साधारण दोन सेकंदांपुरता, ब्लॉक घट्ट धरायला म्हणून, आणि टूल सटकून तर्जनीच्या कडेला गेलं. खोल गेलं. रक्त थांबायला वेळ लागला आणि दहा दिवस त्या बोटाने काही करता आलं नाही. नंतर विचार केला तेव्हा कळलं की खरं कारण वेगळं होतं, टूल बोथट झालं होतं. बोथट टूलला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते अचानक सुटतं. धारदार टूल सुरक्षित असतं, ऐकायला उलट वाटतं पण आहे तसंच. आता मी दर अर्ध्या तासाने थांबून धार करते. युक्ती अशी की लिनोच्याच एका रद्दी तुकड्यात त्याच टूलने एक चर कोरायचा, त्या चरात पॉलिशची पेस्ट चोळायची, आणि टूल त्या चरातून उलटं, आपल्याकडे, दहा-पंधरा वेळा ओढायचं. चराचा आकार टूलचाच असल्यामुळे बाहेरची कड बरोबर घासली जाते. आणि एक जाड लाकडी पाट घेऊन त्याला खाली पुढच्या बाजूला एक पट्टी आणि वर मागच्या बाजूला एक पट्टी ठोकलीय, खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला ब्लॉक टेकतो, म्हणजे ब्लॉक धरायला हातच पुढे न्यावा लागत नाही. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

अक्षरांचं पण सांगते. दुसऱ्या कंदिलाखाली मला "आई" असं कोरायचं होतं, तिच्यासाठीच करत होते ते. छापा उलटा येतो हे मला माहीत होतं, शंभर वेळा माहीत होतं, तरी कोरताना हात आपोआप सवयीने लिहितो, आणि मी सरळ लिहिलं. छापल्यावर काना डावीकडे. चित्र उलटं झालं तर फारसं कळत नाही, अक्षर लगेच बोलतं. आता मी अक्षर असो नसो, ट्रेसिंग पेपरच वापरते. मऊ पेन्सिलने ट्रेसिंग पेपरवर सरळ चित्र काढायचं, मग तो पेपर पालथा लिनोवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचा, पेन्सिलचं ग्राफाइट लिनोवर उतरतं आणि चित्र आपोआप उलटं होतं, डोक्याला काही ताण नाही. त्यावरून लगेच पक्क्या मार्करने फिरवून घ्यायचं, नाहीतर कोरताना हाताने पुसलं जातं. अजून एक, कोरायच्या आधी लिनोवर अगदी पातळ रंगाचा हात मारून वाळू द्यायचा, म्हणजे कोरलेला भाग मूळ रंगाचा दिसतो आणि न कोरलेला रंगीत, आणि छापा कसा येईल हे कोरता कोरताच दिसत राहतं.

देवनागरी लिनोत फार सुंदर दिसते असं माझं मत झालंय, पण पांढऱ्या अक्षरात. शिरोरेघ म्हणजे टूलची एक लांब, न थांबता ओढलेली ओढ, आणि मग तिच्यातून खाली उतरणारे दांडे. काळी अक्षरं ठेवायची तर "व" च्या पोटातली जागा कोरायला लागते, आणि "ब" असेल तर त्या पोटात ती तिरकी रेघ राखून दोन बाजूंनी कोरायचं, बारीक अक्षरात ते मला अजून जमत नाही.

बरं, आता शाई, कारण माझे निम्मे छापे कोरण्यामुळे नाही, शाईमुळे वाया गेले. पहिल्यांदा पाण्याची शाई घेतली, धुवायला सोपी म्हणून. ती काचेवरच वाळायला लागते, पंखा चालू असेल तर फारच लवकर, त्यामुळे घाई होते, आणि घाईत शाई कमी लागते, आणि छापा येतो तो मिठाचे दाणे भुरभुरल्यासारखा, काळ्यात सगळीकडे पांढरे ठिपके. मग मी घाबरून शाई वाढवली, तर बारीक कोरीव रेषांमध्ये शाई भरली आणि त्या बुजल्या. ह्या दोन टोकांमध्ये मी कितीतरी कागद घालवले. त्यानंतर तेलाच्या शाईवर गेले, साबणाच्या पाण्याने धुता येते त्या प्रकारातली, आणि एकदम श्वास घ्यायला वेळ मिळाला. ती हळू वाळते, काचेवर तासभर तशीच राहते, काळा रंग खरोखर काळा येतो.

आणि मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला की ही शाईसुद्धा जवसाच्याच तेलात घोटलेली असते. म्हणजे खाली ब्लॉक जवसाचा, वर शाई जवसाची, आणि शाई वाळते म्हणजे पाणी उडून जातं तसं काही होत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, तीच साय धरण्याची क्रिया जी वॉल्टनने डब्यात पाहिली होती. छाप्यावरची शाई वाळताना दोन-तीन दिवसांत एक अगदी पातळ लिनोलियमच तयार होत असतं जणू. ह्याच क्रियेत उष्णताही तयार होते, म्हणून तेलाची शाई पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती मोकळी पसरून वाळवते आणि मगच टाकते.

शाई लावताना एकदाच जाड थर द्यायचा नाही. पातळ थर, परत काचेवर जाऊन रोलर भरायचा, परत पातळ थर, वेगवेगळ्या दिशांनी, चार-पाच वेळा. नवीन ब्लॉक पहिले दोन-तीन छापे फिकेच देतो, लिनो थोडी शाई पितं, त्यामुळे पहिला छापा बघून निराश व्हायचं नाही. मी त्यासाठी साधे कागद ठेवलेत, चांगला कागद चौथ्यापासून.

कागदाचं गणित मला पूर्ण उलटं वाटत होतं. मला वाटायचं जाड, महागडा, खरखरीत जलरंगाचा कागद म्हणजे उत्तम. प्रेस असेल तर असेलही. हाताने घासायचं असेल तर तो कागद नकोच, त्याच्या खड्ड्यांमध्ये शाई पोचतच नाही. पातळ, गुळगुळीत, लांब तंतूंचा कागद लागतो, तुतीच्या जातीच्या झाडांच्या सालीपासून बनवलेला जपानी पद्धतीचा कागद तर अप्रतिम, इतका पातळ की वाटतं फाटेल, पण तंतू लांब असल्यामुळे फाटत नाही. त्याची खरी गंमत म्हणजे घासताना मागूनच चित्र दिसायला लागतं. लाकडी चमच्याची पाठ छोट्या छोट्या गोलांत फिरवत जायचं, आणि जिथे शाई कागदाला लागली तिथे कागद पाठीमागून गडद होत जातो, आधी टेबलाची कड, मग झाकण, मग काच, धुक्यातून कोणीतरी पुढे चालत यावं तसा कंदील वर येतो. जिथे फिकं दिसतं तिथे परत घासायचं. मधे एक गुळगुळीत कागद ठेवला तर चमच्याने तंतू उचकटत नाहीत. आणि शंका आली तर बाकी कागद हाताने दाबून धरायचा, एक कोपरा उचलून बघायचं, कमी असेल तर तेवढ्याच जागी शाई लावून कोपरा परत खाली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, घाबरत घाबरत करून बघितलं आणि जमलं.

कोरून काढलेल्या जागेत सुद्धा काही उंचवटे राहतात, त्यांना थोडी शाई लागते आणि छाप्यात बारीक काळे फराटे उमटतात. सुरुवातीला मी ते एकूण एक काढायचे, अगदी जमीन सपाट होईपर्यंत. दुसऱ्या कंदिलात टेबलावरच्या उजेडात असे फराटे राहिले आणि छाप्यात बघितलं तर तो उजेड हलताना दिसत होता, ज्योत फडफडतेय असा. तेव्हापासून ठरवलं की ते फराटे ठेवायचे, पण कोरायची दिशा ठरवून ठेवायचे. आता मी उजेडाच्या जागी सगळे काप ज्योतीपासून बाहेरच्या दिशेने घेते.

तिसरा कंदील रंगीत करायचा होता. रंगीत लिनोकटचा साधा मार्ग म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक. लंडनच्या ग्रोव्हनर स्कूल ह्या कलाशाळेत 1926 पासून क्लॉड फ्लाइट शिकवायचे ते असेच तीन-चार ब्लॉक वापरून, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची, सिबिल अँड्र्यूज, सिरिल पॉवर ह्यांची चित्रं बघितली की कोणी लिनोकटला मुलांची गंमत म्हणणार नाही, वेगाने वळणाऱ्या शर्यतीच्या गाड्या, जमिनीखालच्या रेल्वेचे सरकते जिने, सगळं पळतंय. फ्लाइट कोरायला छत्रीची जुनी काडी वापरा असं सांगायचे, ती आतून पन्हळीसारखी असते म्हणून, आणि लिनोकट इतकं स्वस्त हवं की सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत सामान्य माणसाला घेता यावं असं त्यांचं म्हणणं होतं. मला तो माणूस ह्या एका विचारासाठी फार आवडतो.

दुसरा मार्ग म्हणजे एकाच ब्लॉकमधून सगळे रंग. आधी थोडं कोरून सगळे कागद पहिल्या रंगात छापायचे, मग त्याच ब्लॉकवर अजून कोरायचं आणि त्याच कागदांवर दुसरा रंग, मग अजून कोरून तिसरा. ब्लॉक प्रत्येक पायरीला संपत जातो. मागे जाता येत नाही, नंतर अजून चार प्रती हव्या म्हटलं तर मिळत नाहीत. पिकासोने दक्षिण फ्रान्समध्ये व्हॅलोरीला, हिदाल्गो आर्नेरा ह्या छपाईवाल्याबरोबर ह्या पद्धतीने खूप काम केलं. 1958 मध्ये एका पोर्ट्रेटसाठी त्याने रंगागणिक वेगवेगळे ब्लॉक कोरले होते आणि ते एकमेकांवर बसवणं जिकिरीचं झालं, नंतर तो एका ब्लॉककडे वळला. 1962 चं त्याचं दिव्याखाली ग्लास ठेवलेलं एक लिनोकट आहे, वय ऐंशी होतं तेव्हा, आणि त्याच्या एकेका पायरीचे छापे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते ओळीने बघितले तेव्हा मी ठरवलं की कंदील असाच करायचा.

तीन रंग ठरवले, फिका पिवळा, विटकरी, आणि शेवटी जवळजवळ काळा निळा. कागद बारा कापले, कारण काही बिघडणारच. एका पुठ्ठ्यावर ब्लॉक बसेल असा कोपरा पट्ट्या चिकटवून केला आणि कागदासाठी वरच्या बाजूला दोन खुणा, प्रत्येक वेळी ब्लॉक त्याच कोपऱ्यात, कागद त्याच खुणांवर. पहिल्या पायरीला कोरायचं फारच थोडं होतं, जे शेवटपर्यंत पांढरं राहणार तेवढंच, म्हणजे ज्योतीचा गाभा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि काचेवरची ती उभी चमक. एवढा मोठा ब्लॉक आणि त्यात दोनच काप. मग बाराही कागद पिवळे छापले.

चार दिवस वाळू दिले. मग पिवळं राहायला हवं ते कोरलं, ज्योतीभोवतीचा उजेड, काचेचं पोट, टेबलावरचा डाग. विटकरी छापला. इथे तीन कागद गेले, दोनांवर खुणेपेक्षा मिलिमीटरभर सरकला आणि चमकेच्या कडेला दुहेरी रेषा आली, एकावर माझा शाईचा अंगठा. परत वाळवण, आणि मग सगळ्यात अवघड कोरणं, कारण आता ब्लॉकवर जे उरेल ते निळं होणार, आणि जवळजवळ सगळा कंदील विटकरीत होता, तो मला काळोखातून सोडवायचा होता. एकेक तार, झाकणाची कड, कडीचा अर्धा भाग. जिथे शंका आली तिथे नाही कोरलं.

काल रात्री तो शेवटचा थर. पंखा बंद, काचेवर निळा आणि थोडा काळा मिसळला, रोलर फिरवत राहिले, पचपच, पचपच, आणि मग तो आवाज आला, सर्रर्र. ब्लॉकवर पाच पातळ थर दिले. कागद खुणांवर ठेवला, गोल गोल घासलं, मागून निळं उमटताना दिसत होतं. मग एका कोपऱ्याने हळूच सोलत आणला, शाई सुटताना कागदाला एक बारीक चिकट आवाज होतो, आणि पूर्ण पालथा केला.

रात्र होती सगळी, मध्ये विटकरी तारा, त्यांच्या आत पिवळं, आणि पिवळ्याच्या मध्ये तो तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, पहिल्याच दिवशी कोरलेला, ज्याला तिन्ही वेळा शाईचा स्पर्शच झाला नव्हता. तो नुसता कागद आहे. सगळ्यात जास्त तोच उजळलाय. मी आईला हाक मारली, तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अगं, हा पांढरा रंग कुठला लावलास?"

नऊपैकी सात चांगले आलेत. खाली पेन्सिलने एक ते सात, प्रत्येक आकड्यापुढे तिरकी रेघ आणि सात असं वाळल्यावर लिहीन, आत्ता चिमट्यांनी दोरीला लावलेत आणि अजून ओले आहेत. पहिला तिचा.